सुलीच्या डोक्यातली जट आणि आपली जबाबदारी

(माकणी येथे ग्रामसंघाच्या सभेत गटाच्या एका सचिव ताईंनी केलेलं बोलणं. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी त्यांच्याच शब्दांत छापत आहोत. घरातल्यांच्या सांगण्यावरून नावं दिलेली नाहीत.)



मला भाषण येत नाही. मला वही लिहिता येते, हप्ते मोजता येतात. पण मागच्या महिन्यात आपण हप्ते झाल्यावर जो पिक्चर बघितला, त्यावर बोल म्हणून ताईंनी सांगितलं, म्हणून उभी राहिले. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

पिक्चरचं नाव ‘जोगवा’. २००९ साली आलेला. राजीव पाटील यांनी काढलेला. मुक्ता बर्वे सुली झालीय आणि उपेंद्र लिमये तायाप्पा. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा, यावरून तो बेतलाय. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. उपेंद्र लिमयेला सर्वोत्तम अभिनेत्याचा, अजय-अतुलला संगीताचा, हरिहरन आणि श्रेया घोषालला गाण्याचा. नवरात्रात आपल्याकडं मंडपात भंडाऱ्याचं जे गाणं दणादणा वाजतं आणि ज्यावर आपली पोरं नाचतात, ते याच पिक्चरमधलं. गाणं सगळ्यांना पाठ आहे, पिक्चर मात्र कुणी बघितला नव्हता. मीही नव्हता बघितला.

ज्या त्या दिवशी आल्या नव्हत्या त्यांना थोडक्यात सांगते. सुली ही चांगली हसती-खेळती पोर. तिच्या डोक्यात जट निघते. देवीनं बोलावलं म्हणून तिला यल्लम्माला सोडतात. तायाप्पा तरणा गडी, त्यालाही जोगता करतात. अंगावर लुगडं नेसवतात, डोक्यावर देवीचा जग देतात आणि जोगवा मागत फिर म्हणतात. दोघांचंही लग्न देवीशी लागलंय म्हणे, त्यामुळं माणसाशी लग्न करायचं नाही. आणि हे दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. लुगड्यातला गडी आणि जटेची बाई. शेवट सांगत नाही, परत लावणार आहोत तेव्हा बघा.

त्या दिवशी पिक्चर चालू असताना काय झालं ते ज्या होत्या त्यांना माहीत आहे. तायाप्पाला लुगडं नेसवलेलं दिसलं तेव्हा मागं दोघी-तिघी फिसकन हसल्या. नंतर हसू थांबलं. सुलीचं चालू झालं तेव्हा एक बाई उठून चप्पल घालून निघूनच गेली. मी तिच्या मागं गेले नाही. का गेली ते मला ठाऊक होतं.

आधी एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर कुणाचा तरी गैरसमज व्हायचा. आपला जिल्हा तुळजाभवानीचा. येरमाळ्याची येडेश्वरी आपली. आपल्या घराघरात नवरात्रात जोगवा मागतात, परडी आहे, कवड्याची माळ आहे, पोत आहे. माझी आई जोगवा मागायची, मीही पाच घरं मागते. त्याला कुणी बोललेलं नाही. आपल्या मराठवाड्यातल्या पैठणच्या नाथांनीसुद्धा जोगवा लिहिलाय, आणि त्यात त्यांनी आईकडं मागणं मागितलंय ते मनातलं वाईट जावं म्हणून. आपल्याकडच्या आराधी बाईचा संसार असतो, लेकरं-बाळं असतात. मागणं वेगळं आणि माणूस सोडून देणं वेगळं. पिक्चरमधली चाल ही सौंदत्तीच्या यल्लम्माची, बेळगाव जिल्ह्यातली, कोल्हापूर-सांगलीकडं जास्त पसरलेली. आपल्याकडं तशी नाही म्हणून आपण सुटलो, असं मलाही वाटलं होतं. पण जट आपल्याकडं आहे. या सभेतच किती जणींच्या माहेरात-सासरात आहे, हात वर करायला लावत नाही.

माझ्या मावशीला होती.

भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. किल्लारी, सास्तूर, आपला हा सगळा पट्टा, तुम्हाला मी काय सांगायचं. मावशीचा एकुलता एक मुलगा दगड-मातीखाली गेला. तिचं गाव इथून लांब नाही. त्यानंतर ती पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली. महिनोन् महिने तिनं डोक्याला तेल लावलं नाही, फणी लावली नाही. कोण लावणार? कुणासाठी लावणार? केस लांब होते तिचे, कमरेखाली. ते गुंतत गेले. वर्ष झालं तेव्हा मानेवर एक जाड दोर झाला होता. मग कुणीतरी म्हणालं, अगं ही तर देवी आली.

आता मी विचार करते तेव्हा वाटतं, ती देवी नव्हती, ते दुःख होतं. न विंचरलेलं दुःख. पण तेव्हा कुणी दुःख म्हणालं असतं तर तिला काय मिळालं असतं? देवी म्हणाल्यावर मंगळवारी, शुक्रवारी बाया तिच्या पाया पडायला लागल्या. हळद-कुंकू लावायला लागल्या. जी बाई शेडच्या कोपऱ्यात बसून होती तिला लोक पाटावर बसवायला लागले. म्हणून ज्या शिकल्या-सवरल्या बाया येऊन ‘शी, अंधश्रद्धा’ म्हणतात ना, त्यांचा मला राग येतो. जटेमुळं त्या बाईला गावात जागा मिळालेली असते. जट काढल्यावर तिला ती जागा कोण देणार, याचं उत्तर आधी पाहिजे.

पण तिची मान दुखायची. जट ओली झाली की दोन दिवस वाळायची नाही. वास यायचा. उवा झाल्या, त्वचेला फोड आले. एकदा, मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन, तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, ‘लई खाजतंय गं, जरा बघ की आत काय झालंय.’ मी हात पुढं केला आणि मागं घेतला. भ्याले. देवीला हात लावला आणि काही झालं तर? मावशी काही बोलली नाही. ती गेली तेव्हा जट तशीच होती. शेवटची आंघोळ घालताना डोक्यावरून पाणी घेतलं तर ते आत गेलंच नाही, वरून ओघळलं. एवढंच. ते मी विसरत नाही.

आता दुसरी गोष्ट, ही ताजी आहे. माझ्या धाकट्या जावेची पोरगी. सहावीत आहे. मागच्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणावर. ताप उतरला तोवर केसांचा मागे गोळा झालेला. जाऊ तेल लावून सोडवायला बसली, तर आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्या म्हणाल्या, ‘हात लावू नको.’ देवरशाला बोलावलं. त्याच्या अंगात आलं. तो म्हणाला, पोरीला परडी घ्यावी लागंल, मंगळवार धरावा लागंल, आणि जट कापाल तर घरातलं एक माणूस जाईल. मग खर्चाची यादी दिली.

जाऊ आमच्याच गटात आहे. तिनं अंतर्गत कर्ज मागितलं, दहा हजार. कारण सांगितलं ‘घरखर्च’. वही माझ्याच हातात. मी पेन टेकवला आणि थांबले. मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्या वह्यांमध्ये ‘घरखर्च’ म्हणून लिहिलेलं किती कर्ज देवरशाकडं गेलंय? मी आमची जुनी वही काढून बघितली. मी मोजलं, पण आकडा सांगत नाही. कुणाला लाज आणायची नाही.

त्याच आठवड्यात पिक्चर लावला. सीआरपी ताईंच्या मुलानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. सरळ विषय काढला असता तर भांडण झालं असतं, म्हणून पिक्चर. मी मुद्दाम आत्यांना घेऊन आले होते.

पिक्चरमध्ये मला काय दिसलं ते सांगते. सुलीला कुणी विचारतच नाही. आई-बाप रडतात, गाव ठरवतं, देवीचं नाव येतं, पण ‘पोरी, तुला काय पाहिजे’ असं एकसुद्धा माणूस विचारत नाही. तायाप्पालाही नाही. पहिल्यांदा विचारतात ते हे दोघं एकमेकांना. म्हणून ते प्रेम आपल्याला आवडतं, नाहीतर प्रेमाचे पिक्चर काय कमी आहेत का? आणि दुसरी गोष्ट. हळद लावणारे हात, लुगडं नेसवणारे हात, ते बरेचसे आपल्यासारख्यांचेच असतात. वाईट माणसाचे नाही, भ्यालेल्या माणसाचे.

रात्री आत्या जेवताना म्हणाल्या, ‘त्या पोरीची आई लई रडत होती.’ मी म्हणलं, होय. त्या म्हणाल्या, ‘पण काही झालं तर कोण निस्तरणार?’

सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता. आत्यांना जट म्हणजे काय हे मी समजावून सांगितलं. केस मेलेला असतो, त्यात रक्त नाही, शीर नाही, नखासारखं आहे, कापला तर दुखत नाही. केसावर बारीक खवले असतात. विंचरले नाहीत, त्यात तेल, हळद, धूळ, घाम साचला, की ते एकमेकांत अडकतात आणि गोळा होतो, जशी मेंढीची लोकर दाबून नमदा होतो तसं. आत्यांनी सगळं ऐकलं. पटलंही असेल. पण समजणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात पुढं कुणी ना कुणी आजारी पडणारच, म्हातारं माणूस आहे, लेकरू आहे. आणि त्या दिवशी अख्खं गाव जावेकडं बोट दाखवणार, ‘तू कापलीस’. जाऊ याला भीत होती, देवीला नाही.

ही भीती आपल्याच देशात आहे असंही नाही. लांब युरोपात पोलंड म्हणून देश आहे. तिथं बायका-पुरुषांच्या डोक्यात अशीच जट असायची आणि ती कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असं लोक मानायचे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या क्राकूव शहरात योझेफ डीटल नावाचे डॉक्टर होते, पुढं ते शहराचे महापौर झाले. त्यांनी जटा असलेल्यांची मोजणी सुरू केली. तर सांगतात की लोकांत आवई उठली, आता जटेवर कर बसणार! आणि कित्येकांनी पटापट कापून टाकल्या. देवाला भीत होते, पण कराला जास्त भ्याले. मला हे वाचून हसू आलं. आपल्याकडं कर लावायची सोय नाही, म्हणून आपण दुसरं केलं.

आपण बँकेचं कर्ज घेतो तेव्हा एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या भरतात. जबाबदारी दहा जणींची. मग मी गटात म्हणलं, ही जबाबदारी पण दहा जणींची करू. आम्ही इतिवृत्तात ठराव लिहिला. शब्द आमचेच: मुलीची जट गटाच्या सांगण्यावरून काढली आहे. पुढच्या तीन महिन्यांत त्या घरात काही आजारपण आलं तर त्याचा दोष मुलीला किंवा तिच्या आईला देऊ नये, गटाला द्यावा. आजारी माणसाला दवाखान्यात गट नेईल. खाली सगळ्यांच्या सह्या, दोन अंगठे. एकीनं सही करायला दोन दिवस घेतले. घेऊ दिले.

कायद्याचंही सांगितलं, पण शेवटी. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या होत्या. ते गेल्यावर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. अंगात आलंय म्हणून सांगायचं आणि ‘ऐकलं नाहीस तर वाईट होईल’ अशी धमकी द्यायची, हा त्यात गुन्हा आहे. साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र करत बसणं, हाही गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड. देवीला मुली सोडण्याच्या चालीवर महाराष्ट्रात २००५ चा वेगळा कायदा आहे. त्याच्याही आधी, १९३४ साली, मुंबई इलाख्यात कायदा झाला होता, पण तेव्हा आपण निजामाच्या राज्यात, आपल्याला तो कुठून लागू होणार. देवरशाला आम्ही एवढंच कळवलं की धमकीचं आम्हाला माहीत आहे. तो परत आला नाही. तक्रार केली नाही, करायची वेळ आली नाही.

जट काढायच्या दिवशी पोरीला विचारलं, काढायची का? ती म्हणाली, ‘मला दोन वेण्या घालायच्यात, रिबिनीच्या.’ बस्स. आरोग्य सेविका ताई होत्या. आधी खोबरेल तेल मुरवलं, टोकाकडून सोडवून बघितलं. नवी जट असली की बरेचदा सुटते, हे लक्षात ठेवा. मुळाकडून ओढायचं नाही, खालून वर यायचं, जाड दातांची फणी घ्यायची. आमची निम्मी सुटली, निम्मी कापावी लागली. रक्त आलं नाही. जाऊ कात्री धरेना, तिचा हात थरथरत होता, म्हणून मी धरली. पुण्यात अंनिसच्या नंदिनी जाधव ताईंनी अशा शेकडो बायांच्या जटा काढल्यात. मी एकच काढली, आणि घाम फुटला होता. त्यांचं काय होत असेल.

कापलेले केस कुठं टाकायचे यावर अर्धा तास गेला. आत्या म्हणाल्या, उकिरड्यावर नको, धरणात सोडू. मी म्हणलं, धरणाचं पाणी किती गावं पितात, तिथं नको. शेवटी परसातल्या लिंबाखाली पुरले, वर हळद-कुंकू वाहिलं आत्यांनी. एक ताई म्हणाल्या, मग अंधश्रद्धा कुठं गेली? गेली नाही तर नाही गेली. पोरीची मान मोकळी झाली ना? आत्यांचा हात त्या हळद-कुंकवानं शांत झाला. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. अकराव्या दिवशी आत्यांना ताप आला. थंडी वाजून ताप. शेजारच्या आळीत लगेच कुजबुज, ‘बघा, सांगितलं होतं.’ जाऊ पांढरी पडली. पोरगी कोपऱ्यात जाऊन बसली, डोक्यावर पदरासारखी ओढणी घेऊन. त्या रात्री गटातल्या चौघी आमच्या घरी झोपायला आल्या. बोलावल्या नव्हत्या. सकाळी आत्यांना सास्तूरला दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, सलाईन लावलं. सहा दिवस दोघी-दोघी पाळीनं बसल्या. ते दहा हजार जे देवरशाला जाणार होते, त्यातले साडेतीन हजार औषध-गाडीला लागले, वहीत तसंच लिहिलंय, ‘दवाखाना’. आत्या बऱ्या झाल्या. घरी आल्यावर पोरीला म्हणाल्या, ये, वेणी घालते. केस कुठं होते वेणी घालायला, बोटभर होते. तरी घातली, दोरा लावून.

ताप जाऊन बऱ्या झाल्या म्हणून हे सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. त्या म्हाताऱ्या आहेत. काही वाईट झालं असतं तर मी आज इथं उभी राहिले असते का, हे मी स्वतःला रोज विचारते. ठराव लिहिताना त्याचा विचार आम्ही केला होता, म्हणूनच ‘गटाला दोष द्यावा’ असं लिहिलं. सहीला दोन दिवस घेतलेली ताई होती ना, रात्री झोपायला सगळ्यात आधी तीच आली.

आता ती बाई, जी पिक्चर चालू असताना उठून गेली. तिच्या डोक्यात एकोणीस वर्षांची जट आहे. तिला मी काही म्हणाले नाही, आणि तुम्हीही जाऊन काही म्हणू नका. तिनं स्वतः ठरवायचं. मागच्या शुक्रवारी हप्ता भरायला आली, पैसे मोजून दिले, पावती घेतली, दारापर्यंत गेली आणि मागं वळून विचारलं, ‘कात्री कुणाची होती गं?’ मी म्हणलं, माझी. शिवणकामाची. ती म्हणाली, ‘धार आहे का तिला?’ आणि गेली.

मी कात्रीला धार लावून आणलीय. पुढच्या सभेला हप्ते झाल्यावर पिक्चर परत लावणार आहोत. येताना सासूला घेऊन या. चहा आमच्या गटाकडून.